शून्यावर आलेली बरणी

४ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या विज्ञान स्पर्धेची दुसरी बरणी बेकरीच्या फळीवर, पावाच्या साच्यांशेजारी ठेवली आहे. तू बजावल्याप्रमाणे माती ओली ठेवते, रोज मीटर लावते आणि आकडा वहीत लिहिते.

बाबांचं काय सांगू! येईल त्या गिऱ्हाइकाला बरणीपाशी नेतात. मातीतले जीव कुजका पाला खातात, त्यातून वीज निघते, ती कार्बनच्या कापडातून तारेत येते, हे सगळं तुझ्याच शब्दांत घडाघडा म्हणतात. अकरा वर्षं मी या दुकानात पाव भाजते आहे. माझा पाव त्यांनी कुणाला असा कौतुकानं दाखवल्याचं आठवत नाही. असो, चिखलाचंही नशीब असतं.

एक वाईट बातमी आहे. मंगळवारपर्यंत आकडा चढत होता, बुधवारी जवळजवळ शून्य. कशानं, देव जाणे. बाबा उद्या बरणी घेऊन तुझ्याकडे येत आहेत. मला बोल लावू नकोस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिली फेरी पार पडली! ही वीज जीवांचीच कशावरून, नुसत्या मातीची किंवा कापडाची कशावरून नाही, असं परीक्षक बाईंनी विचारलं. मग तुझ्याकडची बरणी पुढे केली. माती तीच, कापड तेच, पण वीज नाही. बाई म्हणाल्या की ही बरणी मेली कशी ते सांगता आलं तर हा पुरावा, नाहीतर नुसता बिघाड. शेवटच्या फेरीआधी ते लेखी द्यायचं आहे.

ताई, वरच्या थरात चहापत्ती सापडली. मी कुणाला बोलले नाही, बाबांनाही नाही. तू काय केलंस तेवढं कळव. नाही कळवलंस तर रागावणार नाही, फक्त हरेन.

तुझंच,
शेंडेफळ

२३ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

चहाची किटली भरून उकळतं पाणी ओतलं. दोनदा.

त्या मंगळवारी बाबा एका गिऱ्हाइकाला म्हणाले की आमच्या घरात डोकं एकट्या धाकटीलाच मिळालं आहे. मी दोन्ही हातांनी पीठ मळत होते. तुझा इतका हेवा वाटला की हात धुवायलाही थांबले नाही. झाकणाला पीठ लागलं होतं, ते मात्र नंतर पुसलं.

तुझी फजिती करायला गेले आणि तुझा पुरावाच तयार करून बसले. यावरही जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

तेव्हा लिही: उकळतं पाणी, दोन किटल्या, मोठ्या बहिणीच्या हातून. मला वगळू नकोस. तो कागद इकडे पाठव. बाबांना मीच वाचून दाखवीन, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

लोभ उरला असेल तर तो ओला ठेव.

तुझी,
ताई