टक्कल आणि भांग

ती. काकांना नमस्कार,

"मुलीच्या वडिलांना हे लग्न पसंत दिसत नाही," असा तुमचा निरोप आला. काका, रविवारी बाबा तोंड शिवून बसले, कारण मीच त्यांना तशी शपथ घातली होती. त्यांचं केस कापायचं दुकान आहे. टक्कल दिसलं की ते विचारणारच, "भांग मधून पाडू की कडेने?" आणि तुम्ही तर येताच टोपी काढलीत! नातं खरेपणावर उभं राहावं, म्हणून हे लिहिते...

थांबा, बाबांनी तुम्हालाच फोन लावलाय. "काय व्याही, मधून की कडेने?" मेलेच मी!

पलीकडून तुमचा आवाज येतोय, "कडेनेच पाडा हो, मधे फार घसरडं आहे!" दोघेही खो खो हसताहेत.

पत्र आता पाठवत नाही. लग्न ठरलं, पण सासरीही माझी सुटका नाही.

तुमची होणारी सून