मीर बाकरांची पोथी आणि तिचे शेवटचे पान

मी, गुरुनाथ श्रीराम पारसनीस, वय वर्षे सदुसष्ट, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, डोके शाबूत आहे. ‘कोणाच्याही दडपणाविना’ असे लिहायची रीत आहे. दडपण आहे. माझा मुलगा ऋषी या क्षणी खालच्या मजल्यावर एकेक कपाट उघडून पाहतो आहे आणि दारांचा आवाज मला इथे ऐकू येतो. त्याला न जुमानता लिहितो आहे, एवढेच खरे. माझे २००४ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. हे घर आणि बँकेतली शिल्लक ऋषीला. अट कलम ५ मध्ये आहे, ती त्याने आधी वाचावी.

कलम २. बर्फ काढायचे यंत्र माझा मित्र नंदू देव याला द्यायचे होते. तो साक्षीदार असल्यामुळे देता येत नाही. रागावू नकोस, नंदू, कारण पुढे येते.

कलम ३. लाल रुमालात बांधलेली फारसी पोथी. ती कपाटात नाही, ऋषीने उगाच धूळ खाऊ नये. तिची हकिगत सांगणे भाग आहे.

औरंगजेबाच्या अमदानीत जुन्नरच्या मदरशात मीर बाकर नावाचे शिया पंडित शिकवत असत. अठरा वर्षे त्यांनी आपला पंथ लपवला आणि मनातले सगळे एका ग्रंथात लिहिले. ग्रंथ पकडला गेला. त्यांना भर बाजारात फटके मारले आणि ते कैदेत मेले. आज त्यांची कबर कुठे आहे, कोणी सांगू शकत नाही. आमच्या घराण्यात अशी समजूत, की आमचे पूर्वज नारो दिगंबर यांनी जिवावर उदार होऊन ग्रंथाची नक्कल वाचवली. म्हणून दर मोहरमच्या सातव्या दिवशी आम्ही पोथीला ऊद दाखवतो, चोंगे म्हणजे मोहरमच्या गोड पोळ्या करतो. आत सात ठिकाणी तांबड्या खुणा आहेत. त्या पवित्र समजून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर कुंकू लावत आलो. आडनाव पारसनीस, पण फारसीचे अक्षर पाच पिढ्यांत कोणाला वाचता येत नव्हते.

मार्च २००२ मध्ये आमच्या तळघरात सज्जाद इनामदार भाड्याने राहत होता. पुण्याचा, शिया, घरी फारसी शिकलेला सॉफ्टवेअरवाला, वय सत्तावीस. मला काका म्हणायचा. त्या सातव्या दिवशी मी त्याला मोठ्या ऐटीत पोथी दाखवली. माझी पत्नी सुहासिनी चोंगे वाढत होती. त्याने पोथी चाळली, शेवटचे पान बराच वेळ वाचले आणि म्हणाला, “छान आहे, काका. जपून ठेवा.”

कलम ४. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस. पुढच्या महिन्यात दोन सरकारी अधिकारी दारात आले. भाडेकरूबद्दल विचारले. मी जे बोललो ते खाली देतो. या चार ओळी मी लाल शाईने अधोरेखित केल्या आहेत.

तो काळे कपडे घालतो.
मातीची वडी जवळ ठेवतो आणि तिच्यावर डोके टेकतो.
दर गुरुवारी कुठेतरी जातो, कुठे ते सांगत नाही.
कोणीतरी बोलत असते, ते ऐकून हा रडतो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण मोहरम हा शियांचा शोकाचा महिना आणि ती वडी त्यांच्या नमाजाची, हे मला लहानपणापासून माहीत होते. तिथे ते समजावून सांगू शकणारा मीच एकटा होतो. नाही सांगितले. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा निकालात निघायचा होता. सज्जाद सहा आठवडे कोठडीत होता, नंतर त्याला परत पाठवले. जुलैत मी उजवा हात वर करून शपथ घेतली. सुहासिनी समारंभाला आली नाही. ती २००३ मध्ये वारली, तोवर तिने पुन्हा चोंगे केले नाहीत.

कलम ५. २००५ मध्ये गिरिजा सबनीस या इतिहासाच्या विद्यार्थिनीने मला शेवटचे पान वाचून दाखवले. तो काझीचा निवाडा आहे. “नारो दिगंबर, कारकून, याने ग्रंथाची नक्कल करून दोषाच्या सात जागा तांबड्या शाईने दाखवल्या व साक्ष दिली. सबब बारा बिघे जमीन इनाम.” आम्ही कुंकू कशाला लावत होतो, ते त्या दिवशी कळले.

ऋषीला पोथी एका म्युझियमला द्यायची आहे. त्याचे म्हणणे असे: “बाबा, प्लीज. म्युझियम ‘सेव्ह्ड बाय द पारसनीस फॅमिली’ लिहायला रेडी आहे. लास्ट पेज काढून टाकू ना. हू विल नो?”

सज्जादला कळेल. गेल्या आठवड्यात मी धीर करून त्याला पुण्याला फोन केला, निवाड्याचे सांगितले. तो म्हणाला, “मी तेव्हाच वाचलं होतं, काका. काकू समोर चोंगे वाढत होत्या. कसं सांगणार?” मी माझ्या चार ओळींचेही सांगितले. तो एवढेच म्हणाला, “पान फाडू नका.” माफ केले असे तो म्हणाला नाही. मीही विचारले नाही.

म्हणून पोथी, शेवटच्या पानासकट, आणि सुहासिनीचा चोंग्यांचा लाकडी साचा सज्जादला मिळावा. सोबत या मृत्युपत्राची प्रत जावी. ताकाला जाऊन भांडे लपवायचे नाही. ऋषीने पोथी अडवली किंवा एक पान जरी कमी निघाले, तर कलम १ रद्द. मग घर विकून येणारी रक्कम कोठडीतल्या परक्यांचे खटले फुकट चालवणाऱ्या वकिलांना द्यावी.

कलम ६. पोथी आज गिरिजाकडे आहे. यापुढे तिला कोणीही कुंकू लावू नये.

कलम ७. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. नारो दिगंबरला बारा बिघे मिळाले. मला पासपोर्ट मिळाला. या कागदापुरता तरी नियम पाळला जावा, म्हणून साक्षीदारांनी सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहावी, अशी माझी विनंती आहे.

शॉमबर्ग, इलिनॉय. १६ जानेवारी २००८, मोहरमचा सातवा दिवस.

(सही) गुरुनाथ श्रीराम पारसनीस

साक्षीदार:

मला यातून काही मिळत नाही.
(सही) नंदू देव

मला यातून काही मिळत नाही.
(सही) गिरिजा सबनीस