टाचणीच्या टोकाएवढी बाहुली

काका, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तरी बाटलीवरची चिठ्ठी मी अजून दोनदा वाचतो. गिरगावच्या दवाखान्यात मी तुमच्या हाताखाली नवा कंपाउंडर होतो. काचबिंदूच्या बाईंसाठी बाहुली बारीक करणारे थेंब काढायचे, तर मी ॲट्रोपिन काढलं होतं, बाहुली मोठी करणारं. त्यांचा डोळाच गेला असता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "बस शहाण्या," म्हणालात आणि एक थेंब माझ्याच डाव्या डोळ्यात सोडलात. आठवडाभर त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचता येईना. "औषध राहू दे, आधी बाहुली बघ," एवढंच तुमचं शिकवणं.

परवा परळला, माझ्या हल्लीच्या दवाखान्याच्या नाक्यावर, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला. दवाखाना डोळे चोळणाऱ्यांनी भरलेला. त्यात शिवडीच्या गोदामातला एक हमाल, त्याला भावाने पाठीवर घालून आणलेला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, सदरा घामाने ओला, छातीत घरघर. भाऊ म्हणतो, "धूर लागलो हो तेका. कांदो हुंगवलंय, तरी थांबना नाय!" सगळ्यांनी मान डोलावली. मी बॅटरी घेऊन पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. धुराने असं होत नाही.

"आज काय उचललंत?" मी भावाला विचारलं.

"किड्यांच्या औषधाचो पिंप. गळत होतो मेलो."

सदरा काढून त्याचं अंग साबणाने धुवायला लावलं. आमच्या तरुण डॉक्टरांनी ॲट्रोपिन टोचलं, मग जास्त होईल म्हणून हात आखडता घेतला. मी म्हटलं, "अजून द्या. तोंड कोरडं पडेपर्यंत."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण छातीतली घरघर ऐका."

त्यांनी ऐकली आणि दुसरी सुई भरली, मग तिसरी. मी घड्याळ धरून नाडी मोजतोय, भाऊ पाय चोळतोय. घरघर ओसरली. हमालाने जीभ हलवली: "पाणी... तोंड सुकला." भाऊ रडता रडता हसला, "मेल्या, मघा नळ सोडलेलंस!" मग आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात पोचवलं. तो वाचला.

काका, फूटपाथवरून घेतलेल्या पुस्तकात, शब्दकोश शेजारी ठेवून, मी याचं कारण वाचलंय. असिटिलकोलिन नावाचं द्रव्य शरीर स्वतःच बनवतं. ते ठरावीक जागांवर बसलं की लाळ सुटते, बाहुली आवळते, हृदय मंदावतं. एका अळंबीतलं मस्करीन नावाचं विषही त्याच जागा धरतं. किड्यांच्या औषधामुळे ते द्रव्य मोडत नाही, साचत जातं; ॲट्रोपिन आधी जाऊन जागा अडवतं. पण ते सरसकट सगळीकडे बसतं, म्हणून पोटदुखीला दिलं तरी डोळा धूसर होतो. उद्या कुणीतरी नेमकी एकच जागा ओळखणारं औषध घडवील. मला खात्री आहे. मी ते ॲट्रोपिनशेजारी याच फळीवर ठेवीन, चिठ्ठी दोनदा वाचून.

डॉक्टरांनी विचारलं, "हे शिकलात कुठे?" मी ताठ मानेने म्हटलं, "माझं मीच, पुस्तकं वाचून." पुस्तक घेतलं ते तुमच्या त्या थेंबानंतर तेरा वर्षांनी. हे पत्र मी ॲट्रोपिनच्या कपाटात ठेवतोय. डॉक्टरांना अजून खरं सांगितलेलं नाही.