मागच्या अंगाची खिडकी

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहमीसारखी त्यावर कडक इस्त्री फिरवली आणि मगच पोरांना हात लावू दिला. कागद तांबूस झाला, जंतू मेले असतील. वाचून मात्र माझं डोकं फिरलं. लिहितोस, अक्का फिरकतही नाही, मग कुणासाठी पडून राहू. अरे, लाँड्रीतून सुटले की मी रोज तुझ्या वॉर्डासमोर, सायकलच्या दुकानापाशी उभी राहते. आईने लावलेली सवय, संध्याकाळची प्रार्थना एकट्याने म्हणायची नाही. मी खालून म्हणते, तू खिडकीत हात जोडतोस. काल तर छातीवर हात ठेवलास. आणि वर हे पत्र?

औषध अर्धवट टाकून रविवारी सही करून निघणार म्हणतोस. हा छातीचा रोग अर्धवट सोडला की उलटतो, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. घरात माझी लहान पोरं आहेत. आलास तर दार उघडणार नाही, आणि तू जाणार कुठे ते मला ठाऊक नाही. मी नुसतं बोलून दाखवते असं वाटत असेल, तरी येऊन बघू नकोस.

राग आहे तेवढाच लोभही आहे. तुझी अक्का.

ता. ६ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कुठली खिडकी? नवीन रोगी आले तेव्हाच मला मागच्या अंगाला हलवलं. तुला निरोप द्यायला पहारेकऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणतो, एका बाईला सांगितला. कुठल्या बाईला, देव जाणे. माझ्या जुन्या खाटेवर एक सुतार म्हातारा आहे, त्याला मागेपुढे कुणी नाही. इथे सगळ्यांची डोकी भादरलेली, तोंडाला फडकं, पण अक्का, तो माझ्याहून हातभर बुटका आहे. चष्मा लाव म्हणून किती वर्षं सांगतोय.

माझ्या खिडकीतून बॉयलरची चिमणी दिसते. सुरुवातीला मी तिच्याकडे बघून प्रार्थना म्हणायचो. आता सोडली. उत्तर देणारं कुणी नसलं की आपलंच बोलणं आपल्याला खुळचट वाटतं. रविवारचं ठरलंय.

पोरांना आशीर्वाद. रागावलीस तरी टाकू नकोस. तुझा धाकटा.

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

म्हणजे इतके दिवस मी परक्या म्हाताऱ्यावर डाफरत होते. जेव म्हणून खुणा केल्या, वारं लागेल म्हणून गळ्याचं बटण लाव म्हटलं. त्याने मुकाट्याने लावलं. तू जन्मात कधी माझं ऐकून बटण लावलंस? तिथेच संशय यायला हवा होता.

मागच्या अंगाला जाऊन आले. रस्ता नाही, सगळा कोळशाचा ढीग. पहारेकरी अडवतो. मग लाँड्रीच्या मालकाशी भांडून वॉर्डाच्या चादरींची गाडी मी मागून घेतली. ती बॉयलरच्या दारापर्यंत जाते. बाकीच्या बायका हसतात, ते काम कुणालाच नको असतं. शनिवारी संध्याकाळी खिडकीत ये. तोवर कशावर सही केलीस तर तुझी माझी ओळख संपली. आणि पुढच्या खिडकीकडे आता मी जाणार नाही. तो काही माझा भाऊ नाही, पाय दुखतात माझे.

प्रेम आहे, ते गृहीत धरू नकोस. अक्का.

ता. ११ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शनिवारी कोळशाच्या ढिगावर चढलेली दिसलीस. बॉयलरच्या आवाजात शब्द एकही आला नाही. मधली ओळ मी विसरलो होतो, तुझे ओठ बघून म्हटली. रविवारी सही केली नाही. पुढच्या रविवारचं वचन मागू नकोस, देणार नाही.

एक मात्र आहे. नर्सबाई सांगत होत्या, तो सुतार दुपारपासून खिडकीत उभा राहतो. ती रागीट बाई आल्याशिवाय जेवत नाही. दोन दिवस ताट तसंच परत गेलं. अक्का, कुणी न येणं काय असतं ते मला कळलंय. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे ये.

लोभ दोघांत वाटलास तरी मला पुरेल. तुझा धाकटा.

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

मी माणूस आहे की टपालाची गाडी? आधी इकडे, मग तिकडे. तुला सांगायला काय जातं.

गेले काल. म्हातारा मला बघून पाठ फिरवून बसला. इतके दिवस कुठे होतीस, असा रुसवा. मीही हलले नाही. शेवटी ताट मागवलं त्याने. खिडकीत आणून एकेक घास दाखवून खाल्ला. वर प्रार्थना पुरी म्हणायला लावली. तुझ्याकडे पोचले तेव्हा उजेड गेला होता, चादरींची गाडी कुणाला तरी ढकलायला लावून धावत आले होते. तू खिडकीत होतास की नव्हतास, मला दिसलं नाही. तरी म्हटली.

आता रोज असाच उशीर होणार. सोय तूच लावून दिलीस, तेव्हा कुरकुर करायची नाही. मी आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, आणि मी आले की तू तिथे असायचं. रविवारीही.

जीव लावला आहे, तो राख. अक्का.