यादवरावांचा गळा

लायडस्खेनडाम
१२ ऑक्टोबर २०२४

चि. गया हिस सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणतेस, म्हणून हे पत्र. माझ्या लेकीला, समताला वाटतंय, मी तुला हॉलंडच्या थंडीचं कौतुक लिहितोय.

उन्हाळ्यापासून घसा बसला होता. इथला घरचा डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉल देतो. शेवटी समता भांडली, तेव्हा हॉस्पिटलात पाठवलं. गया, घशात कॅन्सर आहे. स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल म्हणतात. मग गळ्याला भोक, आणि श्वास तिथूनच.

रेडिओवर ‘ढेकूण बसला खाटेवर, हक्क सांगतो पाठीवर’ गाऊन गिरणीकामगारांना हसवलं. त्या टेपा रेडिओवाल्यांनी पुसून वर खतांची भाषणं भरली. माझी गाणी आता या गळ्यातच आहेत. तो दिल्यावर मी कोण उरणार?

उठल्या उठल्या गुणगुणून बघतो, आवाज आहे ना. असतो, पण फाटका. विचार करून सांगतो असं समताला म्हटलंय. खरं तर नाहीच म्हणायचं ठरवलंय. तिला कळवू नकोस.

मुलांना आशीर्वाद. आठवण धरून राहा.
तुझा, यादवदादा

नाशिकरोड
२६ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. डाळ करपली, तेही कळलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. मागच्या खेपेला तू ओट्याशी उभा राहून ढेकणाचं गाणं म्हटलंस आणि मी पोट धरून हसले. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. तुझ्या नाचणाऱ्या भुवया बघून हसत होते. माझ्यापुरता तुझा आवाज केव्हाच गेलाय, दादा. पण भाऊ कुठं गेला?

वहिनी गेल्यावर मला ‘गये’ म्हणणारा तू एकटाच. ती हाक मी ओठांवरून ओळखते. समताला खरं सांग आणि ऑपरेशन करून घे. नाहीतर मी विमानात बसेन, आणि मला जिन्याचीसुद्धा भीती वाटते.

लोभ राहू दे, आणि तूही राहा.
तुझी, गया

लायडस्खेनडाम
१५ डिसेंबर २०२४

चि. गये, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी समतालाच वाचायला दिलं. ती रडली, मग रागावली. ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली म्हणतात. तरी तपासणीला जाताना समताचा हात धरूनच जातो.

परवा बोलायला शिकवणारी बाई घरी आली. फार उंच, फार गंभीर. घशात आवाजासाठी बारकी झडप बसवलीय, भोकावर अंगठा दाबून ‘आ’ म्हणा म्हणाली. मी म्हटलं, तर निघाला बदकाचा आवाज! आणि खिडकीखालच्या कालव्यातली खरी बदकं एकदम ओरडून उठली. बाई गंभीरच.

मला हसू फुटलं. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही. हसण्याचाही आवाज जातो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना हसवत आलेला माणूस मी. असा भ्यालो म्हणून सांगू! श्वास अडकला समजून समता धावली, माझी पाठ चोळत नर्सला फोन लावायला लागली. मी कसंबसं कालव्याकडं बोट केलं. बदकं पुन्हा ओरडली.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग छातीवर डोकं टेकलं, आणि दोघांच्या वाटचं तीच हसली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, यादवदादा