आता दिसतं?

प्रिय कन्यारत्नास,

तुझं पत्र मिळालं. विद्यापीठ सोडायचं म्हणतेस. सर पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवतात, सगळ्यांना नोकरीची घाई, आणि ‘मला हवं होतं ते इथे नाही.’ काय हवं होतं, ते मात्र लिहायला विसरलीस. बाबांनी पत्र वाचलं आणि चष्म्याच्या दुकानातल्या काचा पुसायला घेतल्या. त्या सकाळीच पुसलेल्या होत्या. मी रागावले आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझ्या आजोबांना माझी पदवी हवी होती ती दिवाणखान्यात टांगायला. मला सूक्ष्मदर्शकातून डबक्यातलं पाणी बघायचं होतं. बस. शाळेतल्या बाई म्हणायच्या, एका थेंबात अख्खं गाव पोहत असतं. कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच, आणि आम्ही वर्गभर मुली रांगेत. माझी पाळी आली, डोळा लावला, तर काळे उभे गज! माझ्याच पापण्या. मागून ‘अगं, आटप की’ सुरू झालं. मॅडमनी विचारलं, दिसलं? मी म्हटलं, दिसलं. मग पुस्तकात बघून अशी झकास आकृती काढली की ती भिंतीवर लागली. पुढच्या वेळी नीट बघू, म्हटलं. पुढच्या वेळी दुसरा धडा होता. मग पदवी, लग्न, दुकान.

इतकी वर्षं दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर नंबर तपासायची ती जड फ्रेम चढवते, भिंगं बदलत विचारते, ‘आता दिसतं? आणि आता?’ मागे कोणी ताटकळत असलं की भिडेखातर माणसं दिसत नसतानाही हो म्हणतात. मला चेहऱ्यावरून कळतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बाबा कुरकुरतात, एकेकाला किती वेळ लावतेस!

तुला अडवायला लिहीत नाही. अडवून तू थांबणार नाहीस. माझ्याच वळणावर गेली आहेस. सोडायचं तर सोड. पण तुमच्या प्रयोगशाळेत एकेकीला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक आहे, असं तूच मागे म्हणाली होतीस. तिथलं ओळखपत्र परत करण्याआधी कळव, मी येते. घरामागच्या डबक्याचं पाणी बाटलीत भरून आणीन. मला एकदा तुझ्या स्टुलावर बसव. आणि मागे उभी राहून घाई करू नकोस.

तुझीच,
अजून रागावलेली आई