मेणातली आई

योआनिना, ९ नोव्हेंबर

प्रिय पोलिक्सेनी,

मेलबर्नला तुम्ही सगळी बरी असाल. इथे थंडी पडली आहे, तळ्यावरचं धुकं दुपारपर्यंत हटत नाही. मावशीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र चालू आहे.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या जुनं काम निघालंय. स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या इथल्या बायकांच्या गाठींचे तुकडे तळघरात मेणाच्या वड्यांत जपलेले आहेत. त्या गाठी हार्मोनच्या जोरावर वाढल्या का, ते आता बघायचंय. पेशीत हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असले की तिच्यावर तपकिरी रंग चढतो.

एका वडीवर आपल्या आईचं नाव होतं.

इथल्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी आपण थडग्यातून तिची हाडं वर काढून वाइनने धुतली, पेटीत ठेवली, तेव्हा वाटलं होतं, आता तिचं दुसरं काही उरलं नाही. मावशीला सांगितलं तर तिने छातीवर क्रूस काढला. "म्हणजे ती अजून पुरती गेलेलीच नाही. पाद्रीबाबांना बोलव, ते पुरून टाक." मला हसू आलं नाही. वडी मी परत जागेवर ठेवली आणि मावशीला सांगितलं, पुरली.

त्याआधी वडीचा पातळ काप काढून मीच तो काचेवर रंगवला. झाडून सगळ्या पेशी तपकिरी झाल्या. इतक्या वर्षांनंतरही जणू कुणाच्या तरी हाकेची वाट बघत बसलेल्या. हार्मोन अडवायला आज देतात त्या साध्या गोळीने ती कदाचित राहिली असती. तेव्हा इथे हे कुणी तपासतच नव्हतं.

काल शेजारच्या टेबलावरचा डॉक्टर स्त्रातोस माझ्या सूक्ष्मदर्शकात डोकावला.

"एकाच बाईचे दोन काप कशाला लावलेस?"

"एकीचे नाहीत."

"चेष्टा करतेस का माझी? दुसरी कोण मग?"

मी दुसरी काच काढून त्याच्या हातात दिली. त्याने नाव वाचलं आणि खाली बसला.

ते नाव माझं होतं. उन्हाळ्यात गाठ हाताला लागली, ऑपरेशन झालं. तुला फोनवर सर्दी सांगितली होती ती हीच. माझ्या गाठीतही रिसेप्टर आहेत, म्हणून गोळी सुरू केली आहे. बरी होईन म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. फक्त गोळी घेताना कधी कधी भास होतो, गिळणारी मी एकटी नाही.

पोलिक्सेनी, याच आठवड्यात छाती तपासून घे. पुढे ढकलू नकोस. तुझा काप काचेवर आला तर ओळखायला मला नाव वाचावं लागणार नाही.

तिच्यासारखीच,
तुझी इव्हान्थिया